माहीत असतं, तरी चुकतं

वडाळ्याला हार्बर लाइनच्या रुळांशेजारी एक माणूस उभा आहे. खांद्याला बॅग, हातात डब्याची पिशवी. पलीकडे जायला पूल आहे, पण त्यासाठी उलटं चालत जायचं, जिने चढायचे, गर्दीतून सरकायचं आणि परत उतरायचं. समोरून गेलं तर वीस-पंचवीस पावलांत काम होतं. तो मान वळवून बघतो. गाडी येतेय, पण लांब आहे. त्याला तरी ती लांब वाटते. तो पाऊल टाकतो.

२००९ च्या सुमाराला मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त माणसं मरत होती. त्यातली सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना. हे थांबवायला कुणी काही केलं नव्हतं असं नाही. ‘कृपया रेल्वे रूळ ओलांडू नका, पादचारी पुलाचा वापर करा’ ही घोषणा मुंबईकराला झोपेतही म्हणून दाखवता येईल. फलक होते. भिंती होत्या, आणि त्या भिंतींना पाडलेली भगदाडंही होती. रेल्वे कायद्याचं कलम १४७ होतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

या सगळ्या उपायांमागे एकच समजूत होती: माणसाला धोका माहीत नाही, किंवा कायद्याची भीती नाही. पण वडाळ्याच्या त्या माणसाशी दोन मिनिटं बोलून बघा. रूळ ओलांडताना गेलेला कुणीतरी त्याच्या ओळखीत असतोच. त्याला धोका नीट माहीत आहे. घोळ होतो तो पाऊल टाकण्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत, जेव्हा त्याचे डोळे आणि कान मेंदूला काहीतरी सांगतात आणि मेंदू म्हणतो, ‘जमेल.’

माणूस कसा विचार करतो, कुठे फसतो, कशाने घाईला येतो, हे अभ्यासून त्याप्रमाणे वस्तू, जागा, अर्ज किंवा सेवा घडवणं ही आता एक मोठी विद्याशाखा झाली आहे. तिच्यावर भाषणं खूप होतात. मला मात्र ती त्या दोन-तीन सेकंदांतूनच नीट कळली, म्हणून तिथूनच सांगते.

२००९-१० मध्ये मुंबईतल्या ‘फायनल माइल’ या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर वडाळ्याला एक प्रयोग केला. त्यांनी रूळ ओलांडणाऱ्यांना काहीच शिकवलं नाही. माणसाला गाडीचा वेग चुकीचा का वाटतो, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला.

याचं उत्तर मानसशास्त्रात आधीपासून होतं. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडलं होतं की मोठी वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू येतेय असं वाटतं. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. अवाढव्य विमान उतरताना आरामात तरंगत आल्यासारखं दिसतं आणि छोटं विमान भर्रकन गेल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात मोठ्याचा वेग जास्त असला तरी. त्यात गाडी थेट समोरून येत असेल तर आणखी पंचाईत. ती डावी-उजवीकडे सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. लांब असताना हे मोठं होणं इतकं सावकाश असतं की डोळ्याला कळतच नाही. कळतं तेव्हा गाडी एकदम अंगावर आलेली असते. म्हणजे तो माणूस बेफिकीर नव्हता. त्याच्या डोळ्यांनी त्याला चुकीचा हिशेब दिला होता.

उपाय अगदी स्वस्तातला होता. रुळांखालच्या काही स्लीपरवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, ठरावीक अंतराने पिवळा रंग मारला. गाडी त्या पट्ट्यांवरून येऊ लागली की एकेक पट्टा तिच्याखाली गडप होतो. पट्टे किती भरभर नाहीसे होतायत यावरून वेगाचा अंदाज आपोआप येतो. मोजावं लागत नाही, वाचावं लागत नाही, भाषा यावी लागत नाही.

दुसरा बदल हॉर्नचा. मोटरमन एक लांब हॉर्न देतो, आणि मुंबईच्या कोलाहलात तो लांब आवाज बाकीच्या आवाजांत मिसळून जातो. आपला मेंदू सलग आवाजाला लवकर सरावतो. घरातला पंखा चालू आहे हे तो बंद पडल्यावरच लक्षात येतं, तसंच हे. म्हणून एका लांब हॉर्नऐवजी दोन आखूड हॉर्न द्यायचे ठरले. दोन आवाजांच्या मधली जी शांतता असते, तिने कान टवकारले जातात. हॉर्न नेमका कुठे द्यायचा हे मोटरमनला कळावं म्हणून रुळांच्या कडेला खुणेचे फलक लावले.

तिसरा बदल चित्रांचा. कवटी किंवा लाल रंगात ‘धोका’ लिहिलेली पाटी आपण रोज बघतो, त्यामुळे ती दिसेनाशी होते. त्याऐवजी, लोक जिथून ओलांडतात बरोबर तिथेच, गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे तीन मोठे फोटो लावले. एकापुढे एक, दहशत वाढत गेलेली. माणसाचा मेंदू चेहऱ्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती आपल्याही पोटात गोळा आणते, आणि पाऊल उचलायच्या आधी तो गोळा यावा हाच उद्देश होता.

त्यानंतरच्या महिन्यांत तिथले मृत्यू बरेच कमी झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एका स्थानकाचे, थोड्या महिन्यांचे आकडे होते ते. त्यांच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण विचाराची दिशा बघा. फलक लावणारा म्हणतो, ‘लोक ऐकत नाहीत.’ रंग मारणारा विचारतो, ‘त्या जागी उभं राहिल्यावर माणसाला दिसतं काय, ऐकू येतं काय?’ दुसरा प्रश्न विचारायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. ती रूळ ओलांडत नव्हती. घोषणा सांगते तेच करत होती, पुलाचा वापर. पूल अरुंद होता आणि परिसरातल्या गिरण्या जाऊन तिथे कचेऱ्या आल्यावर गर्दी कैक पटींनी वाढली होती. पिवळे पट्टे कितीही हुशारीचे असले तरी रुंद पुलाची जागा ते घेऊ शकत नाहीत. माणूस जवळची वाट धरणार, हे मनाचं ज्ञान पूल कुठे आणि किती रुंद बांधायचा हे ठरवतानाच वापरायला हवं. रंगाचा डबा हाती आला म्हणून सिमेंटचा खर्च वाचला असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती ही विद्या देऊ नये.

आता थोडं मागे जाते, कारण या विचाराची सुरुवात युद्धात झाली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून सुखरूप परत येत, धावपट्टीवर नीट उतरत, आणि मग वैमानिक स्वतःच चाकं मिटवून टाकत. विमान पोटावर आपटे. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. आल्फॉन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला लष्कराने हे बघायला सांगितलं. कॉकपिटमध्ये गेल्यावर त्याला दिसलं की चाकांचा खटका आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या कडेच्या हलत्या भागांचा, खटका अगदी शेजारी-शेजारी आहेत आणि हाताला हुबेहूब सारखे लागतात. उतरल्यावर फ्लॅप मिटवायचे असतात. कित्येक तासांनी थकून आलेला वैमानिक न बघता हात घालतो आणि शेजारचा खटका दाबतो. ज्या विमानांत हे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी होते, तिथे ही चूक होत नव्हती. माणसं तीच, प्रशिक्षण तेच.

चापानिसने चाकाच्या खटक्यावर रबराचं एक छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. हाताला न बघता कळू लागलं की आपण काय धरलंय. आज अमेरिकेच्या विमान-नियमांतही मोठ्या विमानाच्या चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असावी असं लिहिलेलं आहे. विमानात बसले की मला ते रबरी चाक आठवतं. कुणालाही दोष न देता किती जीव वाचवता येतात!

हाच चापानिस पुढे स्वयंपाकघरात आला. १९५९ साली त्याने एका सहकाऱ्याबरोबर चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग केले. बटणं एका ओळीत आणि बर्नर चौकोनात, अशा मांडणीत लोक पुन्हा पुन्हा चुकीचं बटण फिरवत. मागचे-पुढचे बर्नर जरा सरकवून, प्रत्येक बर्नर आपापल्या बटणाच्या रेषेत आणला तेव्हा १२०० वेळांत एकही चूक झाली नाही. आपल्या जुन्या दोन बर्नरच्या शेगडीत हे आपोआप साधलेलं आहे. डाव्याला डावं, उजव्याला उजवं. नव्या ओट्यातल्या चार बर्नरच्या शेगड्यांकडे मात्र बघा. बटणांजवळ चार ठिपक्यांची बारीक चित्रं काढलेली असतात. ज्या वस्तूबरोबर सूचना चिकटवावी लागते तिची मांडणी बहुतेक वेळा चुकलेली असते, असं माझं ठाम मत आहे. दुधाचं भांडं उतू जायला लागल्यावर ठिपके बघायला कुणाला वेळ असतो?

खटके आणि बटणं झाली, पण निर्णयांचं काय? पोराला लस द्यायची, बचत करायची, अर्ज भरायचा, अशा कामांत हात चुकत नाही. काम ‘उद्या’वर जातं.

राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत ‘सेवा मंदिर’ ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी लसीकरणावर काम केलं. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत फक्त ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. दर महिन्याला न चुकता गावातच शिबिर भरू लागलं तिथे ते १८ टक्क्यांवर गेलं. शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या, तिथे ३९ टक्के झालं.

डाळीसाठी आईबापांनी पोराला लस दिली, असा याचा अर्थ काढणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. लसीचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. गोवर झाला नाही, हे कुणाला दिसणार? त्रास मात्र आजचा असतो. एक दिवसाची मजुरी जाते, रात्री मूल तापाने रडतं. डाळीने त्या आजच्या तागडीत थोडं वजन टाकलं, इतकंच. आणि डाळीच्या आधीचा १८ चा आकडाही विसरू नये. नर्स ठरल्या दिवशी येतेच, एवढ्या भरवशानेच प्रमाण तिप्पट झालं होतं.

पैशाची ओढाताण चालू असताना माणसाच्या मनावर किती भार असतो, हेही मोजलं गेलं आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची विचारशक्तीची चाचणी दोनदा घेतली, ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना आणि पैसे आल्यावर. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच माणसाने पैसे आल्यावर चाचणी चांगली सोडवली. अक्कल तीच होती. आधी तिचा मोठा हिस्सा देणी, सोसायटीचा हप्ता आणि दुकानदाराची उधारी यांत अडकलेला होता.

माझे मामा कराडकडे ऊस करतात. एका योजनेचा ऑनलाइन अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर सेवा केंद्रात गेले होते. कागद सगळे होते. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. अर्ज निम्मा भरून झाल्यावर ओटीपी पाठवला असं स्क्रीनवर आलं. तो गेला मामेभावाच्या मोबाइलवर, कारण आधारला नंबर त्याचा जोडलेला, आणि तो पुण्यात कंपनीत शिफ्टवर. मामा फोन लावत राहिले, तो उचलेना. स्क्रीनवरची मिनिटं उलटी मोजली जात होती. वेळ संपली, आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. मामा त्या मुलाला म्हणाले, “राहू दे बाळा, माझंच चुकलं.” मला तिथे उभं राहवेना.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एक माणूस, त्याचा स्वतःचा एक फोन, हातात मोकळा वेळ आणि शांत डोकं, असं गिऱ्हाईक मनात धरून कुणीतरी तो अर्ज बनवला होता. खेड्यात फोन घराचा असतो, तोही बरेचदा ज्याला चालवता येतो त्याच्या खिशात. भरलेला मजकूर जपून ठेवणं, ओटीपीला जास्त वेळ देणं किंवा तो शेवटी मागणं, ‘उद्या इथूनच पुढे भरा’ असं सांगणं, यातलं काहीही अवघड नाही. अर्ज बनवणाऱ्याने एक दिवस त्या केंद्रात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढला असता तर हे सगळं त्याला दुपारच्या आत दिसलं असतं.

हेच ज्ञान उलटं वापरणारे आहेत, आणि त्यांना ते फार चांगलं येतं. तिकीट काढताना विम्याच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते, कारण आधीच निवडून ठेवलेलं सहसा कुणी बदलत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ‘फक्त २ शिल्लक’ असं खोटंच लिहिलेलं असतं. सदस्यत्व एका बोटाने सुरू होतं आणि बंद करायला पाच पानं फिरावं लागतं. विमा नको म्हणायचं तर ‘मला असुरक्षित राहायला चालेल’ असं बटण दाबायला लावतात, म्हणजे नकार देताना आपल्याला अपराधी वाटावं. याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. चांगल्या-वाईटाची माझी कसोटी साधी आहे. मांडणी अशी का केली हे त्या माणसाला समोर बसवून सांगता येईल का? पिवळ्या पट्ट्यांचं कारण वडाळ्याच्या माणसाला सांगितलं तर तो आभार मानेल. विम्याच्या खुणेचं कारण कुणी सांगून दाखवावं.

आणि या विद्येची जादू म्हणून जाहिरात करणाऱ्यांपासूनही जपावं. २०२२ मध्ये स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस या संशोधकांनी हिशेब मांडला. मांडणीत छोटे बदल करून लोकांचं वागणं बदलू पाहणाऱ्या, नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत शंभरामागे सरासरी ८.७ माणसांचं वागणं बदललेलं होतं. अमेरिकेत सरकारसाठी असे प्रयोग करणाऱ्या दोन मोठ्या पथकांनी प्रत्यक्ष केलेले, यशस्वी-अयशस्वी सगळे प्रयोग धरले तेव्हा हा आकडा १.४ निघाला. गाजलेले प्रयोग छापले जातात, फसलेले कपाटात राहतात. १.४ हा आकडाही मला लहान वाटत नाही. लाखो लोकांच्या अर्जात एक ओळ बदलून हजारोंचं काम होत असेल तर ती ओळ जरूर बदलावी. फक्त ‘मन कळलं’ म्हणून मिरवू नये.

कारण मन बघितल्याशिवाय, विचारल्याशिवाय कळत नाही, अगदी घरच्या माणसाचंही.

माझी आई रक्तदाबाची गोळी अधूनमधून चुकवायची. मी तिला आठवण करून देत होते. फोन करत होते, मोबाइलवर गजर लावून दिला होता. एकदा चार दिवस तिच्याकडे राहिले. सकाळी ती ओट्यापाशी गोळ्यांची स्ट्रिप हातात धरून बराच वेळ नुसतीच उभी होती. केमिस्टने कापून दिलेली अर्धी स्ट्रिप, मागे पेनने ‘१-०-०’ लिहिलेलं.

“काय झालं आई? घ्यायची विसरलीस का?”

“विसरत नाही गं. घेतली की नाही तेच आठवत नाही. दोनदा घेतली तर काय घ्या, म्हणून राहू देते.”

मी वर्षभर चुकीच्या प्रश्नावर उपाय करत होते. गजर सांगतो ‘घे’. घेतली की नाही, हे तो सांगत नाही.

हा पेच जुना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेव्हिड वॅग्नर नावाच्या इंजिनिअरच्या घरात तोच होता. बायको डॉरिस गर्भनिरोधक गोळ्या घेई, आणि आजची झाली का यावरून दोघांत रोज वाद. त्याने आधी कागदावर वार लिहून त्यावर गोळ्या ठेवल्या, मग वारांची खूण असलेली गोल चकती बनवली. रिकामी जागा दिसली की उत्तर मिळालं. आपल्याकडच्या ‘माला-डी’ आणि ‘माला-एन’ पाकिटांतही याच जातीचं शहाणपण आहे. २८ गोळ्यांपैकी २१ औषधाच्या, ७ लोहाच्या. औषध २१ दिवसच लागतं, पण सात दिवस थांबून पुन्हा नेमक्या दिवशी सुरू करायचं लक्षात ठेवणं अवघड. म्हणून रोज एक गोळी, मोजणी नाहीच. वर लोहही पोटात जातं.

आईला मी सात झाकणांची डबी आणून दिली. आधी ती औषधांच्या कपाटात ठेवली होती, तिथे पुन्हा घोटाळा होऊ लागला, कारण सकाळी त्या कपाटाकडे ती जातच नाही. आता डबी चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेली असते. दर रविवारी ती चष्मा लावून गोळ्या भरते. सकाळी आधण ठेवताना मंगळवारचं झाकण उघडं दिसलं, की ती साखरेच्या डब्याकडे वळते.